मनोरा नसलेल्या धावपट्टीवर

विमानतळ म्हटला की आपल्यासारख्या शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम काय उभे राहते? लांबच लांब धावपट्टी, ओळीने उभी असलेली विमाने आणि या सर्वांवर नजर ठेवणारा तो काचेचा उंच मनोरा. मनोऱ्यातली माणसे सांगतात तेव्हा विमान उडते, सांगतात तेव्हा उतरते आणि ‘थांब’ म्हणतात तेव्हा थांबते, अशी आपली समजूत असते. सांताक्रूझच्या विमानतळापुरती ती खरीही आहे. परंतु जगात असे हजारो विमानतळ आहेत की ज्यांना मनोराच नाही, हे सांगितले तर किती जणांना पटेल? एकट्या अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यांपैकी मनोरा असलेले पाचशेच्या आसपास. बाकीच्या ठिकाणी ‘उतरू का?’ म्हणून विचारायचे तर कोणाला? तेथे वैमानिकांनीच एकमेकांना सांभाळून उतरायचे आणि एकमेकांना सांभाळूनच उडायचे.

अशा जागेला कागदोपत्री ‘अनियंत्रित विमानतळ’ म्हणतात. हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो एका दुःखद दिवशी. २८ जानेवारी २०२६ रोजी मुंबईहून निघालेले एक लहान जेट विमान बारामतीला उतरताना कोसळले आणि राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा अंत झाला. तो अपघात दोन विमानांच्या टकरीचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पण बारामतीला त्या वेळी नियमित नियंत्रण मनोरा नाही आणि तेथल्या विमानविद्येच्या शाळांची माणसेच येणाऱ्या विमानांना माहिती देतात, ही गोष्ट त्या निमित्ताने सर्वांना कळली.

आमच्या घरात तो शब्द जरा अधिकच टोचला. कारण माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणजे आमची नात, अशाच एका धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होती. ती बारामतीला नव्हती; गावाचे आणि शाळेचे नाव मी येथे मुद्दामच सांगत नाही. भोईवाड्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून वैमानिक होणे ही साधी गोष्ट नव्हे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्या तासांचा हिशेब रुपयांत मांडला की मध्यमवर्गीय बापाची झोपच उडते. पुतण्याने गावाकडची जमीन गहाण टाकली होती, वर बँकेचे कर्ज काढले होते.

त्या आठवड्यात सूनबाई माझ्याकडे आली. चहाला हातही न लावता म्हणाली, “काका, तिथं विचारायला टॉवरसुद्धा नाही म्हणे. तुम्ही जन्मभर रेल्वेत सिग्नलचं काम केलंत. तुम्ही एकदा स्वतः जाऊन बघा. तुम्ही नको म्हणालात, तर मी तिला परत घेऊन येते. पैसे बुडाले तरी चालतील.”

आता या वयात माझ्यावर ही पंचाईत! पण मुलीच्या आईचा शब्द मोडवेना. मी महिना-दीड महिना वाचन केले, माहितगारांना विचारले आणि मग प्रत्यक्ष जाऊन पाहिले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

गोळा हाती, तरच गाडी

रेल्वेच्या माणसाला एक गोष्ट रक्तात भिनवलेली असते. एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी. ती खात्री तोंडी बोलण्यावर सोडलेली नसते. दोन स्टेशनांच्या दरम्यानच्या मार्गासाठी दोन्हीकडे विजेने जोडलेली यंत्रे असतात आणि त्यांतून एका वेळी एकच लोखंडी गोळा बाहेर निघू शकतो. तो चामड्याच्या पिशवीत घालून, कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती दिला जाई. गोळा हाती आला तर गाडी सुटणार. नाही आला तर लाटसाहेबाची गाडी असली तरी उभी. आता बहुतेक ठिकाणी नवी यंत्रे आली, परंतु तत्त्व तेच राहिले.

धावपट्टी म्हणजे तरी दुसरे काय? तीही एकेरी मार्गच, आणि तिची दोन्ही तोंडे उघडी. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते व उतरते, म्हणून वारा पश्चिमेचा असला की एका तोंडाने वापर आणि पूर्वेचा असला की दुसऱ्या. होकायंत्राच्या अंशांतला शेवटचा आकडा गाळून दोन्ही तोंडांना क्रमांक देतात. आपल्या मुंबईच्या मोठ्या धावपट्टीचे एक टोक ०९ आणि दुसरे २७, ते यामुळेच. वारा वाहत असला म्हणजे सर्वांची दिशा आपोआप एक होते. पण वारा पडला की दोन्ही टोके सारखीच सोयीची होतात, आणि येथेच सिग्नलवाल्याच्या कपाळावर आठी पडते. एकेरी मार्ग, दोन तोंडे, आणि गोळा नाही!

आधी विमान, मग मनोरा

मात्र इतिहास पाहिला तर मनोरा हा विमानाचा धाकटा भाऊ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या त्या चिमुकल्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. जुहूची जमीन अशी होती की पावसाळ्यात तेथून उड्डाणच होत नसे आणि तेवढ्यापुरता टाटांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. आकाशात दुसरे विमान असण्याची शक्यताच इतकी कमी की वाट अडवणार कोण?

गर्दी वाढली तेथे मात्र धडा लवकर मिळाला. ७ एप्रिल १९२२ रोजी लंडन आणि पॅरिस यांच्यामधल्या हवाई मार्गावर, फ्रान्सच्या हद्दीत, दोन प्रवासी विमानांची समोरासमोर टक्कर झाली आणि सात माणसे मेली. हवा धुरकट होती. वाट चुकू नये म्हणून दोन्ही वैमानिक खालचा एकच रस्ता धरून चालले होते, एक इकडून आणि एक तिकडून.

लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० सालीच नियंत्रणाचा पहिला मनोरा उभा राहिला होता. अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ साली आर्ची लीग नावाचा गृहस्थ हातगाडीवर खुर्ची, छत्री आणि दुपारचा डबा घालून धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसे आणि दोन निशाणे हलवून विमानांना ‘ये’ किंवा ‘थांब’ असे सांगे. अमेरिकेतला पहिला हवाई नियंत्रक म्हणून आज त्याचेच नाव घेतात. निशाण दाखवणारा तो गृहस्थ पाहिला की आमच्या गेटवरच्या खलाशाची आठवण येते, आणि जरा बरे वाटते.

चौकोनाची शिस्त

मग जेथे हातगाडीवरचा गृहस्थही नाही, तेथे काय चालते? ‘अनियंत्रित’ या शब्दाने वाटते की तेथे बेबंदशाही असेल. तसे नाही. नियंत्रण करणारा नसतो, पण नियम असतात.

धावपट्टीच्या बाजूने, जमिनीपासून साधारण हजार फूट उंचीवर एक लांबट चौकोन कल्पनेने आखलेला असतो. उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येक विमानाने त्या चौकोनात सामील व्हायचे आणि बहुतेक ठिकाणी डाव्या हाताच्या वळणांनी फिरत यायचे. प्रथम धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेने. मग एक वळण. मग दुसरे वळण घेऊन धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरण. देवळात प्रदक्षिणा सगळे एकाच बाजूने घालतात म्हणून जशी धक्काबुक्की टळते, तसाच हा प्रकार. आपण रांगेत कितवे, हे नजर टाकताच प्रत्येकाला कळावे, हा त्यातला हेतू.

वाट कोणी द्यायची, तेही ठरलेले आहे. समोरासमोर आले तर दोघांनी उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने थांबून घ्यायचे. विमान थांबत नाही, म्हणून वळून घ्यायचे म्हणू. उतरणाऱ्या विमानाला जमिनीवरच्याने वाट द्यायची. दोघे उतरत असतील तर जो खाली असेल त्याचा हक्क पहिला. पण त्या हक्काच्या जोरावर कोणी दुसऱ्याच्या पुढ्यात घुसायचे नाही. हा शेवटचा नियम आमच्या नळावरच्या रांगेलाही लावला पाहिजे.

आणि या सर्वांच्या जोडीला हाळी. त्या विमानतळासाठी ठरलेल्या एकाच रेडिओ-लहरीवर प्रत्येकाने आपण कोण, कोठे आहोत आणि आता काय करणार, हे मोठ्याने सांगायचे. अमेरिकेत जवळजवळचे अनेक लहान विमानतळ एकच लहर वापरतात, म्हणून हाळीच्या आरंभी आणि शेवटी गावाचे नाव घेण्याची पद्धत आहे.

आमच्या भोईवाड्याच्या नावात ज्यांचे नाव आहे त्या भोयांची रीत जुन्या मंडळींकडून ऐकली होती. पालखी खांद्यावर घेतली की मागच्या भोयाला पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणून पुढचा भोई चालता चालता सांगत जाई, येथे दगड आहे, येथे पाणी आहे, येथे चढ आहे. मागचा नुसते ऐकून घेत नसे. तो हुंकार देई. हुंकार आला नाही तर पुढचा पाऊल आवरी. हुंकार देणारा मागचाच भोई आहे, याबद्दल मात्र त्याला शंका घेण्याचे कारण नसे, कारण पालखी एकच होती. विमानांचे तसे नाही. आवाज कानाशी येतो, पण तो कोठून आला हे कान सांगत नाही.

उत्तर आले, पण कोणाचे?

हा फरक किती महागात पडतो, ते १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील क्विन्सी या गावी दिसले. तेथील विमानतळाला मनोरा नव्हता आणि धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या होत्या. दहा उतारू आणि दोन वैमानिक घेऊन एक प्रवासी विमान एका धावपट्टीवर उतरत होते. छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी एक खाजगी विमान उड्डाणासाठी उभे होते आणि त्याच्या मागे तिसरे, अगदी लहान विमान आपली पाळी येण्याची वाट पाहत होते.

प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी आपली हाळी वेळोवेळी दिली होती. एवढेच नव्हे, तर त्यांनी सरळ प्रश्न केला : टोकाशी उभे असलेले विमान थांबणार आहे, की उडणार आहे? उत्तर आले की थांबलो आहे. त्यांनी आभार मानले आणि ते उतरले.

ते उत्तर पुढच्या विमानाचे नव्हतेच. मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या विमानाच्या वैमानिकाने ते दिले होते. त्याच्या वाक्याचा काही भाग प्रवासी विमानातल्या यांत्रिक इशाऱ्याच्या आवाजाखाली नेमका त्याच क्षणी दबला गेला. पुढचे खाजगी विमान तर काहीच बोलले नव्हते. ते धावू लागले. जेथे धावपट्ट्या छेदतात तेथे दोघांची गाठ पडली. प्रवासी विमानातील माणसे टकरीतून वाचली होती. लोक धावत गेले, पण दार उघडेना. विमानतळावर त्या वेळी आगीचा बंब तयार उभा नव्हता. दोन्ही विमानांतली मिळून चौदा माणसे धुराने आणि आगीने गेली.

चौकशीत मुख्य ठपका खाजगी विमानातल्या दोघांवर आला : त्यांनी रेडिओकडे कान दिला नाही आणि समोर नीट पाहिले नाही. पण मला त्या तिसऱ्या विमानाच्या उत्तराने झोप लागू दिली नाही. ते खोटे नव्हते. ते फक्त भलत्याच माणसाने दिलेले होते.

‘मौनं संमतिलक्षणम्’ असे आपण लग्नाच्या बोलणीत म्हणतो. मनोरा नसलेल्या धावपट्टीवर हेच वचन प्राणघातक ठरते. तेथे मौनाचे अर्थ अनेक : रेडिओ बंद असेल, भलत्या लहरीवर असेल, वैमानिक दुसऱ्याशी बोलत असेल. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. ऐकणाऱ्यांना नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना वाटते की आपण तर सांगून मोकळे झालो!

डोळ्यांवर विसंबावे, तर डोळेही फसवतात. दोन विमाने सरळ वेगाने एकाच बिंदूकडे निघाली असली की दुसरे विमान काचेवर हलताना दिसत नाही. एका जागी चिकटलेल्या माशीसारखा ठिपका दिसतो आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम मोठा होतो. हलणारी वस्तू चटकन नजरेत भरते. धोक्याची वस्तू मात्र हलतच नाही. त्यात काही विमानांचे पंख खाली असतात, काहींचे वर. खालच्या पंखाचे विमान वर आणि वरच्या पंखाचे विमान त्याच्या खाली, असे जमले तर दोघेही एकमेकांना अदृश्य.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे तर हाळ्या चालू असतानाच घात झाला. एक लहान विमान नियमाने चौकोनात फिरून उतरत होते. दुसरे, दोन इंजिनांचे, लांबून सरळ रेषेत आणि भलत्याच वेगाने आले. लहान विमानाच्या वैमानिकाने ते मागून फार जलद येत असल्याचे सांगितलेही. उपयोग झाला नाही. दोन्ही विमानांतले मिळून तिघे गेले.

धावपट्टीवरची एक सकाळ

एवढे पोटात घेऊन मी नातीच्या शाळेत जाऊन पोचलो. उसाच्या शेतांच्या पलीकडे धावपट्टी, पत्र्याची एक मोठी शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि झाडाखाली टेबल टाकून, रेडिओ घेऊन बसलेले एक शिक्षक. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पहिल्याच वाक्यात आपली मर्यादा सांगितली, “काका, मी वारा सांगतो, कोण कुठं आहे ते सांगतो. उतर किंवा थांब असं मी सांगू शकत नाही. तो निर्णय विमानात बसलेल्याचा.”

त्या सकाळी वारा पार पडला होता. पिशवी वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी लोंबत होती. नात एकटीच विमानात होती आणि फेऱ्या घालत होती. तिची हाळी टेबलावरच्या रेडिओत ऐकू येई आणि घरी मोठ्याने बोलायला लाजणाऱ्या मुलीचा तो ठाम आवाज ऐकून मला नवल वाटे.

तिसऱ्या फेरीला ती शेवटचे वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत आली, आणि रेडिओत एकदम शिट्टीसारखा कर्कश आवाज झाला. शिक्षक ताडकन उभे राहिले. “दोघं एकदम बोललात, पुन्हा सांगा,” एवढेच ते म्हणाले. नातीने आपली जागा पुन्हा सांगितली. दुसऱ्याचे उत्तर नाही. तिने विचारले, दुसरे कोण आहे, कोठे आहे? उत्तर नाही.

धावपट्टी मोकळी दिसत होती. ऊन लखलखीत होते. उतरायला दहा-पंधरा सेकंद उरली असतील. मला वाटले, उतरेल आता. पण इंजिनाचा आवाज चढला, विमानाचे नाक वर झाले आणि ती धावपट्टीच्या उजव्या अंगाला सरकून, पट्टी डाव्या हाताला दिसेल अशी ठेवून, पुन्हा वर निघून गेली.

मग ते दिसले. समोरच्या टोकाकडून, सूर्याच्या अंगाने, बाहेरगावचे एक विमान सरळ उतरत येत होते. ते उतरले, धावपट्टीवर धावत गेले आणि आमच्या टोकाशी येऊन थांबले. त्याच्या वैमानिकाने आपली हाळी एकदा दिली होती. ती नातीच्या हाळीत बुडाली, हे त्याला ठाऊकच नव्हते.

मी खुर्चीच्या हातावरची पकड सोडली, तेव्हा बोटे पांढरी झाली होती.

नात उतरून आली तेव्हा घामाने भिजली होती. मी विचारले, “पट्टी तर मोकळी होती. मग वर का गेलीस?” ती पाणी पिता पिता म्हणाली, “आजोबा, कोणीतरी बोललं होतं, एवढं नक्की. कोण, ते कळेपर्यंत पट्टी मोकळी नाही असंच धरायचं. पेट्रोल जळलं तर जळलं.”

चौतीस वर्षे सिग्नल खात्यात काढलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? गोळा हाती नाही, तर गाडी उभी. तिच्यापुरता हाच त्याचा अर्थ होता. फरक एवढाच की येथे गोळा देणारे यंत्र नव्हते. ते तिला स्वतःच्याच डोक्यात बसवून घ्यावे लागले होते.

मनोरा बांधला की झाले?

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? सगळीकडे मनोरे बांधा! गर्दी वाढेल तेथे ते बांधलेच पाहिजेत, यात शंका नाही. पण मनोरा म्हणजे अभयपत्र नव्हे. क्विन्सीच्या अपघाताच्या बरोबर सात दिवस आधी, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी, दिवाळीच्याच दिवसांत, हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन मोठी विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही विमाने दिल्लीच्या नियंत्रकाशी बोलत होती. एकाला १४ हजार फूट आणि दुसऱ्याला १५ हजार फूट उंची दिलेली होती. दुसरे आपली उंची सोडून खाली आले. त्यानंतर टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र विमानांत बसवणे आपल्याकडे सक्तीचे झाले.

आपल्या मुंबईतच पाहा. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका जपानी विमानाने तेच केले. आणि ८ जून २०२४ रोजी मुंबईच्या मोठ्या धावपट्टीवरून एक विमान उड्डाण करून जमीन सोडते न सोडते, तोच मागे दुसऱ्याने चाके टेकली. मनोरा होता, माणसे होती, रडार होते. थोडक्यात निभावले.

म्हणजे मनोरा असो वा नसो, शेवटी ‘मी कोठे आहे’ हे सांगणे आणि ‘तू कोठे आहेस’ हे खात्रीने ऐकणे याला पर्याय नाही. मनोरा नसला की ती जबाबदारी वाटून घेता येत नाही, एवढाच फरक.

परंतु याचा अर्थ असा नव्हे की सगळा भार विशी-बाविशीच्या पोरांच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे व्हावे. ज्यांची मुले अशा शाळांत जातात त्या पालकांनी फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. धावपट्टीशेजारी रेडिओ ऐकणारा जाणता माणूस उड्डाणाच्या सर्व वेळी हजर असतो का? बाहेरची विमाने येण्याची वर्दी शाळेला आधी मिळते का, आणि ती आली की शिकाऊ विमानांचे काय करतात? आगीचा बंब आणि तो चालवणारी माणसे जागेवर असतात का? आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची : शिकाऊ मुलगा वा मुलगी न उतरता पुन्हा वर गेली, तर शाळा तिला रागावते की शाबासकी देते? वर जाणाऱ्याला जेथे पेट्रोलचा हिशेब विचारतात, तेथे माझी नात मी ठेवणार नाही.

भोईवाड्यात परत आलो तेव्हा सूनबाई दारातच उभी होती. मी तिला त्या सकाळची हकीकत काहीही न लपवता सांगितली. शिट्टी सांगितली, समोरचे विमानही सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने एकच प्रश्न विचारला, “तिला कोणी सांगितलं नसताना ती वर गेली?”

“कोणीही सांगितलं नसताना,” मी म्हणालो.

तिने पदराने डोळे पुसले, फोन उचलला आणि लेकीला विचारले की फराळाचा डबा कोणाबरोबर पाठवायचा. ‘परत ये’ हे शब्द तिच्या तोंडून आले नाहीत. मीही माझा निकाल वेगळा सांगितला नाही. नातीचे दोनशेतले किती तास झाले, याचा हिशेब मात्र सूनबाई कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवते. आणि प्रत्येक आकडा लिहिण्याआधी मुलगी उतरल्याचा फोन तिच्याच आवाजात यावा लागतो. दुसऱ्या कोणाचा निरोप तिला चालत नाही.